नर्सीच्या शिंप्याचं रडगाणं

मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो कानात बोंडं घालूनच. हिंगोलीला माझं शिलाईचं दुकान आहे. सणाच्या तोंडावर काजं-बटणं करायला माणूस मिळत नाही, म्हणून त्याला स्टुलावर बसवलं आणि पुढ्यात शर्टांचा ढीग टाकला. त्यानं कानातलं एक बोंड काढलं आणि माझ्या कानात घातलं. बराच वेळ कुणी गातच नव्हतं. नुसती गिटार, चार सूर, परत तेच चार सूर. मी म्हटलं, अरे, ह्यांचा बुवा कुठं गेला?

‘तोच तर गेलाय, मोठे बाबा,’ तो म्हणाला. ‘त्याच्यासाठीच आहे हे.’

मग त्यानं सांगितलं. पिंक फ्लॉइड नावाचा इंग्लंडातला बँड. सिड बॅरेट हा त्यातलाच पोरगा, सुरुवातीची बरीचशी गाणी त्याचीच. पुढं त्याचं चित्त ठिकाणावर राहीना आणि 1968 मध्ये तो बँडबाहेर पडला. 1975 च्या जूनमध्ये बाकीचे लंडनच्या स्टुडिओत त्याच्यावरच्याच गाण्याचं काम करत होते. तेवढ्यात एक अंगानं सुटलेला, डोक्यावरचे आणि भुवयांचे केस काढलेला माणूस आत येऊन बसला. कुणालाच ओळख पटेना. बऱ्याच वेळानं ध्यानात आलं, हा सिड. ती तबकडी त्याच वर्षी निघाली आणि जगभर गाजली.

हे सांगताना पोरगं माझ्याकडं बघत नव्हतं, बटणाकडं बघत होतं. त्याचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, 2007 च्या आषाढीत पंढरपूरच्या गर्दीत दिंडीतून बाजूला गेला, तो अजून आलेला नाही. तेव्हा पोरगं सहा वर्षांचं होतं.

मी म्हणालो, ‘असलं गाणं आपल्या नर्सीच्या शिंप्यानं सातशे वर्षांपूर्वी केलंय.’ त्यानं जे विचारलंच नव्हतं त्याचं हे उत्तर नव्हतं. पण मला दुसरं येत नव्हतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि सांगायचं राहिलं. म्हणून आता लिहायला बसलोय. लिहिण्याची सवय नाही, खडूनं कापडावर रेघा मारायची आहे.

नर्सी हिंगोली तालुक्यातच, कयाधूच्या काठी. आमचा जिल्हा 1999 च्या महाराष्ट्र दिनी परभणीतून वेगळा निघाला. त्याआधी आम्ही परभणीवाले, 1948 पर्यंत निजामाचे, आणि नामदेव जन्मले त्या 1270 साली देवगिरीच्या यादवांचे. नामदेवांची नर्सी हीच, का कऱ्हाडाकडची, का जन्मच मुळी पंढरपुरातला, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई घालवली आहे. त्यांनी घालवावी. आषाढीनंतरच्या एकादशीला, म्हणजे परतवारीला, पंढरपूरहून फिरलेली माणसं नर्सीला येतात, तेव्हा कयाधूच्या काठी पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या गर्दीला जन्मदाखला लागत नाही. नर्सीत गुरुद्वाराही आहे. पंजाबातली पगडीवाली माणसं नांदेडला दर्शन घेऊन इकडं येतात, कारण शिखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. त्या ग्रंथाची पहिली प्रत 1604 ची. नामदेवांनी उत्तरायुष्यात जिथं मुक्काम केला म्हणतात, ते घुमान गाव पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात आहे आणि 2015 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं. आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्यानं तेव्हा विचारलं होतं, ‘इतक्या लांब? मग नर्सीत का नाही?’ मलाही ते पटलं होतं.

आम्ही जातीनं शिंपी, त्यामुळं नामदेव आमच्या घरातलाच. दुकानात लक्ष्मीच्या वर त्याचा फोटो आहे. पण फोटोतला गोजिरवाणा नामदेव मला कधी पटला नाही. गाथेतला नामदेव फार भांडखोर आहे. आणि एकटा तोच नाही, त्याचं सगळं घरच तसलं. बाप दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, नारा, विठा, गोंदा, म्हादा ही चार पोरं, आणि गंगाखेडहून आलेली जनी. त्या घरात प्रत्येकाच्या नावावर अभंग आहेत. गोणाईच्या नावचे अभंग वाचा: ती विठ्ठलाला देव म्हणून हात जोडत नाही, माझं पोरगं परत दे म्हणून हटून बसते. राजाईनं तर थेट रखुमाईकडं गाऱ्हाणं नेलं आहे. नवरा देवळात नाचतो, घरात दाणा नाही, आणि ह्याला तुझाच नवरा जबाबदार! बाईनं बाईला सांगितलेलं हे. आमच्याकडं हळदीच्या रानात काम करणाऱ्या बायका बांधावर बसून एकमेकींना सांगतात ना, अगदी तसं. घरातली ही धुणी कुणी चव्हाट्यावर आणत नाही. नामदेवाच्या घरानं ती टाळ-मृदंगावर आणली. माझी बायको मला कधी कधी म्हणते, ‘पुरे तुमचं रडगाणं.’ मी मनात म्हणतो, बाई, रडगाणं ही आमच्या जातीची कला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ती 1296 सालची.

त्या वर्षी अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरायाचा खजिना लुटून गेला. इतिहासाच्या पुस्तकात 1296 म्हटलं की हेच. नामदेवाच्या समाधीच्या अभंगांत देवगिरी नाही. तिथं इंद्रायणीचा काठ आहे, कार्तिक वद्य त्रयोदशी आहे, आणि एकवीस वर्षांचा ज्ञानदेव आहे, जो स्वतःच्या पायांनी भुयारात उतरणार आहे. नामदेव सव्वीस वर्षांचा. दोघं तीर्थयात्रेत बरोबर हिंडलेले. तो सगळा प्रवास नामदेवाच्या नावानं ‘तीर्थावळी’त आहे, आणि त्याच्या पुढचं प्रकरण ‘समाधी’.

पुतण्यानं सिडची गोष्ट सांगितल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. संजीवन समाधी म्हणजे माणूस मेला असं म्हणायची सोय नाही. ज्ञानदेवाला अग्नी नाही, दहावं नाही, तेरावं नाही, पिंडाला शिवणारा कावळा नाही. जे मागं राहिले त्यांनी करायचं काय? माणूस मेला की काय करायचं ते आपल्याकडं बारीकसारीक ठरलेलं आहे: कुणी मडकं धरायचं, कुणी तांदूळ द्यायचे, कुणी डोई करायची. त्यात दुःख मुरतं, निदान हातांना काम मिळतं. जिवंतपणी निघून गेलेल्या माणसासाठी आपल्याकडं काहीच ठरलेलं नाही. मला वाटतं, नामदेवाची अडचण ती होती. म्हणून त्यानं जे दुसरं कुणी ठरवलं नव्हतं ते स्वतः शिवून काढलं.

शिवून काढलं हे मी सहज म्हणत नाही. त्या प्रकरणाची बेतणी बघण्यासारखी आहे. दुसरा कुणी असता तर ‘माझा मित्र गेला हो’ म्हणून पहिल्या ओळीपासून गळा काढला असता. नामदेव तसं करत नाही. आधी तयारी येते. संतमंडळी आळंदीला जमतात. नामदेव आपल्या चारही पोरांना समाधीची जागा झाडायला पाठवतो. हे वाचताना मी दर वेळी थांबतो. पोरांच्या हातात केरसुणी दिली आहे. मग निरोप, मग पंगत, मग हाताला धरून आत नेणं, मग निवृत्तीनं शिळा लावणं. आणि रडणं येतं ते आधी दुसऱ्यांचं. निवृत्तिनाथाचं, थोरल्या भावाचं. तो तर गुरू, ज्ञानी, त्यानं रडायचं नाही असा संकेत. नामदेव नेमकं त्यालाच रडवतो, आणि कसं? वेदान्त सांगून नव्हे. भरल्या तळ्याचा पाट फुटतो, बांधलेल्या पेंढीचा आळा सुटतो, ह्या भाषेत. पेंढीचा आळा म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ज्वारीची काढणी झाली की कडब्याच्या पेंढ्या बांधताना एक आळा कच्चा राहिला, की वारा येतो आणि सगळं रानभर होतं. चार भावंडांची मोट आईबापाविना बांधलेली. एक गेला की सगळं सुटलं. आणि तसंच झालं. वर्षभराच्या आत सोपान सासवडला, मुक्ताई तापीकाठी आणि निवृत्ती त्र्यंबकेश्वरी, सगळे गेले.

शेवटी नामदेव स्वतःचं सांगतो. तोवर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत आलेलंच असतं.

हे सगळं नामदेवानंच रचलं का? नाही, असं जाणकार म्हणतात. दोन-तीनशे वर्षांनी विष्णुदास नामा नावाचा कवी झाला, त्याचेही अभंग ‘नामा’ हीच मुद्रा घेऊन गाथेत मिसळले. आणखी कितीक कीर्तनकारांनी आपापली भर घातली असेल. 1970 साली सरकारनं नामदेव गाथा छापली, तीतसुद्धा कुठला टाका कुणाचा हे उसवून दाखवणं अवघड आहे. मला यात खोटं काही दिसत नाही. आमच्या दुकानात चाळीस वर्षांपूर्वीचा एक कोट येतो. मूळ शिलाई माझ्या बापाची, अस्तर माझं, कोपरावरचं ठिगळ कुणा तिसऱ्याचं. गिऱ्हाईक त्याला आजही ‘तुमच्या वडिलांनी शिवलेला कोट’ म्हणतं. ख्रिश्चन नोव्हेट्झके नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं 2008 मध्ये नामदेवावर जाड पुस्तक लिहिलं, त्याचंही म्हणणं असंच आहे की नामदेव टिकला तो पोथीमुळं नाही, कीर्तनामुळं. हे ऐकून आमच्या मंडळातले टाळकरी हसले. एवढ्यासाठी अमेरिकेत पुस्तक?

पण पुतण्यासाठी हे सांगायला हवं, कारण बँड म्हटलं की त्याला वाटतं ते पुण्यातच असतं. आमच्या गावात बँड म्हणजे लग्नातला, लाल कोट आणि पितळी भोंगे. पण खरा बँड आमचं भजनी मंडळ. मधे कीर्तनकार, त्याच्या मागं अर्धवर्तुळात चौदा-पंधरा टाळकरी, एका अंगाला पखवाज, एका अंगाला पेटी, आणि एक विणेकरी. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, पहारे लावून एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. कीर्तनकार अभंगाचा एक चरण घेतो, टाळकरी धृपद उचलतात. पुढं तो निरूपण करतो, दृष्टांत देतो, मधेच कुठल्या तरी संताची चाल म्हणतो आणि फिरून त्याच धृपदावर येतो. दोन तासांत एकाच ओळीला पंचवीस माणसं शंभर वेळा तोंड लावतात. मग ती ओळ कवीची राहील कशी? ज्याच्या घरात जे झालं असेल ते तो तिच्यात घालतो. शेवटी नाव मात्र नाम्याचंच येतं. सही एकाची, रडणं सगळ्यांचं.

आमच्या गावच्या त्या बँडात पखवाज माझ्या भावाचा होता.

त्याच्या हातात काय होतं ते मला लिहिता येणार नाही, मी टाळकरी माणूस. पण पखवाजाचं एक सांगतो. उजव्या पुडीवर शाई असते, ती कायमची. डाव्या अंगाला, धुमेला, दर वेळी वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय तो घुमत नाही, नुसता टणटण करतो. आमच्या घरात तेव्हा रोजची ज्वारीची भाकरी. गहू सणाला. पण कीर्तनाच्या दिवशी भावजय मूठभर कणीक भिजवून वाटीत झाकून ठेवायची. सैल झाली तर गळते, घट्ट झाली तर आवाज बसतो. तिला नेमकी जमायची. भाऊ म्हणायचा, निम्मा पखवाज ही वाजवते.

1996 साली आम्ही दोघं आळंदीला गेलो. समाधीला सातशे वर्षं झाली होती. हिंगोली आगारातून एसटीनं, पखवाज मांडीवर. आळंदीत त्रयोदशीला माध्यान्हीला समाधी-कीर्तन होतं ते नामदासांचं, म्हणजे नामदेवाच्या वंशजांचं. ज्यानं गाणं केलं त्याच्याच घरातला माणूस त्याच जागी उभा राहून तेच सांगतो, सातशे वर्षांनी. दुपारी बाराला घंटा वाजल्या, फुलं पडली. आम्ही इतके मागं होतो की आम्हाला दिसल्या फक्त पाठी. पण धृपद आमच्यापर्यंत येऊन पोचलं, आणि भाऊ मांडीवरच्या पखवाजाच्या कडेवर बोटानं ताल धरून होता. वाजवत नव्हता. मी बघितलं तर त्याच्या डोळ्यांतून धारा. आमचे आईबाप तेव्हा धडधाकट होते, घरात कुणी गेलेलं नव्हतं. मी विचारलं, ‘तुला काय झालं रे?’ तो म्हणाला, ‘निवृत्तीला काय वाटलं असेल, दादा.’ थोरल्या भावाचं दुःख त्याला तेव्हाच कळलं होतं. मला अकरा वर्षांनी कळायचं होतं.

त्याच्या आजाराचं मी फार सांगत नाही. रात्र रात्र झोप नाही, ताल मोजताना मधेच थांबायचा, आपल्याशीच बोलायचा. गाव ‘वेडा’ म्हणालं. मी कधी म्हणालो नाही, पण डॉक्टरकडं न्यायलाही उशीरच केला. आषाढीला नेलं तर बरं वाटेल असं मलाच वाटलं होतं. पंढरपुरात महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे. 1350 साली नामदेव घरच्यांसह तिथं समाधिस्थ झाला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून. समोर चोखोबाची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडला गेला, तेव्हा त्याची हाडं शोधून आणली तीही नामदेवानंच, अशी कथा आहे. ढिगाऱ्यात कुठली हाडं चोख्याची? ज्यांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येईल ती. त्या पायरीपाशी मी भावाचा हात सोडला. चप्पल सांभाळायला दिली होती एकाकडं, ती घ्यायला. दोन मिनिटं.

पुढचं सगळं झालं. तक्रार, फोटो, दवंडी, मठ, धर्मशाळा, दोन-तीन वाऱ्या नुसत्या त्याला हुडकायला. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा लागला नाही तर कायदा त्याला मेला असं धरू शकतो. 2014 नंतर वकील म्हणाला, कोर्टातून तसं करून घेऊ, म्हणजे सातबाऱ्यावर वारस लागतील. भावजय म्हणाली, ‘भाऊजी, मी सही करणार नाही.’ मी पुन्हा विषय काढला नाही. तिचं कुंकू आहे. सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे.

आणि दर कार्तिकात, त्रयोदशीला, आमच्या मारुतीच्या देवळात समाधीचं कीर्तन होतं तेव्हा ती कणीक भिजवून पाठवते.

त्या कीर्तनाबद्दल माझी तक्रारही आहे. अलीकडचे काही बुवा माइकला घुमारा लावून मुद्दाम रडवतात. मुक्ताईचा आवाज काढतात, हुंदके देतात, आणि पाकीट जाड घेतात. नामदेवाला हे लागलं नाही. त्यानं झाडायला पोरं पाठवली, शिळा लावली, आळा सुटला, एवढंच सांगितलं. मागच्या कार्तिकात आलेला बुवा मात्र साधा होता, सेनगावाकडचा शेतकरी. निवृत्तीच्या अभंगावर आला तेव्हा त्यानं निरूपणच केलं नाही. म्हणाला, ‘ज्याची पेंढी सुटली त्याला मी काय सांगू,’ आणि धृपद टाळकऱ्यांच्या हवाली केलं. आम्ही किती वेळ म्हणत होतो माहीत नाही. माझ्या शेजारचा टाळकरी, त्याचा पोरगा मागच्या उन्हाळ्यात विहिरीत बुडाला. पलीकडचा, त्याची म्हैस विकली गेली एवढंच, पण तोही रडत होता. प्रत्येकाचा ज्ञानदेव वेगळा. बायकांच्या बाजूला भावजय बसली होती, तिचे डोळे कोरडे. ती रडत नाही. टाळ चुकला की फक्त वर बघते.

पुतण्या दिवाळीनंतर परत गेला नव्हता, कीर्तनासाठी थांबला. टाळकऱ्यांच्या मागं खांबाला टेकून बसला होता, हातात टाळ नाही, कानात बोंडं नाहीत. आईनं दिलेली वाटी त्याच्या मांडीवर, वर ओलं फडकं.

पण पखवाजवाला नवा पोरगा होता, नांदेडला शिकलेला. त्याच्या पखवाजाला धुमेवर कायमचा मसाला भरलेला असतो, कणीक लागत नाही. त्यानं बसल्या बसल्या थाप मारली आणि ती घुमली. मी पुतण्याकडं पाहिलं. त्यानं फडकं तसंच नीट केलं.

बाराला फुलं टाकली, आरती झाली, प्रसादाच्या पंगती बसल्या. मी टाळ पिशवीत भरत होतो. देवळामागं पुजाऱ्याची गाय बांधलेली असते. पोरगं तिकडं गेलेलं दिसलं. दोन बोटांनी वाटी खरवडून त्यानं गोळा गाईपुढं धरला, हौदावर वाटी विसळली, फडक्यानं पुसली.

घरी भावजय ओट्यापाशी उभी होती. तिनं वाटी हातात घेतली, आत बघितलं.

‘पुरली का?’

‘पुरली,’ तो म्हणाला.